आत्या, टेप आणि मधला पाऊण किलोमीटर

माझी आत्या सोलापूरला असते. वय ७४, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण हौस दांडगी. मागच्या थंडीत आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "शनिवारवाडा शाळेच्या सहलीत पाहिला होता. पुन्हा बघायचाय. आणि तुमचा तो विश्रामबागवाडाही दाखव." मी म्हटलं, दोन्ही जवळच आहेत, चालतच जाऊ. खोटं नव्हतं ते. शनिवारवाड्यापासून निघायचं, अप्पा बळवंत चौक गाठायचा, लक्ष्मी रस्ता ओलांडायचा की आलाच विश्रामबागवाडा. सरळ बाजीराव रस्ता, अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास. माझ्या पायांना दहा-बारा मिनिटं. त्या दिवशी आम्हाला पन्नास मिनिटं लागली आणि तेवढ्यात आत्यानं तीन प्रश्न विचारले. "बसायचं कुठं रे?" "इथं बाथरूम कुठंय?" आणि दर पाच मिनिटांनी, "अजून किती राहिलं?"

मी पोटापाण्यासाठी रस्ते मोजतो. पदपथ किती रुंद, दुकानाची पायरी किती पुढे आली, चौकात चालणाऱ्याला किती सेकंद मिळतात, असली कामं. ‘ऐतिहासिक नागरी क्षेत्रातील पर्यटन पायाभूत सुविधांचे मूल्यमापन’ असल्या भरभक्कम नावाचे अहवाल वाचलेत, एक-दोन लिहायलाही हात लावलाय. त्या सगळ्यांचा गाभा आत्याच्या तीन प्रश्नांत येतो, हे मला त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून कळलं. जरा लाजच वाटली.

तर हे मूल्यमापन म्हणजे काय, ते कसं करतात आणि कुठे चुकतं, हे पुण्याच्या पेठांच्या आधारानं सांगतो.

सुविधा वाड्यात असते की रस्त्यात?

पर्यटनासाठी सुविधा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कमान, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि गावाच्या नावाची मोठाली चमकती अक्षरं. यातलं काही वाईट नाही. पण बाहेरगावचा माणूस पेठेत येतो तेव्हा त्याचा दिवस कसा जातो ते बघा. तो बसमधून किंवा मेट्रोतून उतरतो, वाट शोधतो, रस्ता ओलांडतो, वाडा बघतो, दमतो, तहानतो, स्वच्छतागृह शोधतो, कुठेतरी टेकतो, पुढचं ठिकाण किती लांब आहे याचा अंदाज घेतो आणि मग पुढे जायचं की रिक्षा करून घरी, हे ठरवतो. ही साखळी आहे. एक कडी तुटली की पुढच्या कड्या कितीही भक्कम असल्या तरी तिथवर माणूस पोचतच नाही.

गंमत अशी की वाड्याच्या आतल्या सोयींना कुणीतरी धनी असतो. तिकीटघर, हिरवळ, फलक, रखवालदार, सगळ्याची जबाबदारी ठरलेली असते. दोन वाड्यांच्या मधल्या रस्त्याला मात्र दहा धनी. पदपथ एका खात्याचा, त्यावरची विजेची पेटी दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा, झाड उद्यानवाल्यांचं, दिशाफलक पर्यटनवाल्यांचा, खालची वाहिनी पाणीपुरवठ्याची. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं तरी त्यातून चालण्याजोगी वाट तयार होईलच असं नाही. म्हणून मूल्यमापनाचं एकक ‘स्थळ’ न धरता ‘वाट’ धरावं, असं माझं म्हणणं. शनिवारवाड्याला किती गुण आणि विश्रामबागवाड्याला किती, हे विचारण्यापेक्षा एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याला किती गुण, हे विचारावं.

हे काही फार आधुनिक शहाणपण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं शहरात पाणी आणलं ते वाड्यांपुरतं ठेवलं नव्हतं. वाटेवर सार्वजनिक हौद बांधले होते आणि येणाराजाणारा तिथे पाणी पिऊ शकत होता. आज त्याच वाटेवर आत्यासाठी मी वीस रुपयांची बाटली घेतली.

टेप कुठे धरायची

पदपथाची रुंदी मोजणं सोपं वाटतं. भिंतीपासून कडेपर्यंत टेप धरली, तीन मीटर आले, लिहिले. कागदावर पदपथ उत्तम. पण त्यावर विजेची पेटी आहे, दुकानाच्या दोन पायऱ्या आहेत, झाडाचा पार आहे, एक फलक आहे आणि तीन दुचाकी. चालणाऱ्याला उरते ती ‘मोकळी रुंदी’, आणि मोजायची ती हीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी. बाजारपेठेत अर्थातच याहून जास्त. १.८ मीटर कशासाठी? दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाता याव्यात म्हणून.

इथे एक बारकावा आहे. रस्ताभर सरासरी मोकळी रुंदी २ मीटर आली म्हणून पाठ थोपटून घेता येत नाही. कुठे एका जागी ती ६० सेंटिमीटरवर आली असेल तर व्हीलचेअरसाठी अख्ख्या रस्त्याची रुंदी ६० सेंटिमीटरच. तिथे माणूस पदपथावरून खाली उतरतो आणि एकदा उतरला की बहुतेकदा पुन्हा चढतच नाही, रस्त्याच्या कडेनंच चालत राहतो. मग आपण म्हणतो, लोकांना पदपथ वापरायची सवयच नाही.

चढ-उतार हे दुसरं दुखणं. त्याच सूचनांत पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. पण रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, पदपथ पुन्हा उंच केला जातो, प्रत्येक इमारतीच्या तोंडाशी गाडी आत जायला उतार काढला जातो, आणि चालणाऱ्याच्या वाट्याला घसरगुंडी नि पायऱ्यांचा खेळ येतो. आत्या पदपथावर चढताना प्रत्येक वेळी माझा खांदा धरायची. मी मनातल्या मनात मोजत होतो. अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडेच मोजणं सोडून दिलं.

तिसरी गोष्ट सिग्नलची, आणि इथे शाळेतलं गणित पुरतं. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरलं जातं. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर ओलांडायला १२ सेकंद. पण गुडघा दुखणारी आत्या सेकंदाला ०.७ मीटरच चालते, तिला २० सेकंद लागतात. म्हणजे हिरवा माणूस १२ सेकंद दिसला तर ती जेमतेम साडेआठ मीटरवर, रस्त्याच्या मध्याच्या जरा पुढे पोचलेली असते. यावर सेकंद वाढवणं हा एक उपाय, मध्ये थांबायला दुभाजकात जागा देणं हा दुसरा. दोन्हींना कमानीएवढा खर्च येत नाही.

सरासरी आणि कुलूप

मूल्यमापनाची रूढ पद्धत अशी असते की पंधरा-वीस बाबींची यादी करायची, प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे, महत्त्वाप्रमाणे वजन लावायचं आणि बेरीज करून शंभरपैकी आकडा काढायचा. आकडा आला की बरं वाटतं, दोन शहरांची तुलना करता येते, बातमी होते. पण बेरजेत एक बाब दुसरीला सांभाळून घेते आणि तिथेच घोळ होतो. दिव्यांना ९, फलकांना ८, स्वच्छतेला ७, स्वच्छतागृहाला १. बेरीज उत्तम. प्रत्यक्षात त्या एक गुणामुळे बाईमाणूस तासाभरात परत फिरतं आणि उरलेले सगळे गुण बघायला ते जागेवर नसतं.

आमच्या वाटेवर एक स्वच्छतागृह लागलं. कुठलं ते सांगत नाही. इमारत चांगली होती, फरशी चकचकीत, बाहेर बायकांचं चित्र. दाराला कुलूप. चौकशी केली तर कळलं, चावी समोरच्या टपरीवाल्याकडे असते आणि तो जेवायला गेलाय. माझ्या यादीत ‘स्वच्छतागृह आहे का?’ या रकान्यात ‘हो’ लिहावं लागलं असतं. तेव्हापासून मी रकाना बदललाय. ‘दुपारी दोन वाजता आत जाता आलं का?’ असं विचारतो. सोय बांधली आहे का आणि सोय चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि खर्चही वेगळे. बांधायला एकदाच पैसे लागतात, ते भांडवली खर्चातून मिळतात, फीत कापता येते. चालवायला रोज माणूस, पाणी, साबण, बल्ब लागतो. तो महसुली खर्च, आणि त्याची फीत कुणी कापत नाही.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालली ती याचसाठी: पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजावे लागत. पेठांत फिरायला आलेल्या बायका पाणी कमी पितात, हे कुठल्याही घरात विचारा, कळेल. ज्या गटात म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलं असतात, त्या गटाची सहल स्वच्छतागृह जिथवर आहे तिथवरच.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "पुरातत्त्वाचे नियम आहेत हो, वाड्याजवळ काही बांधताच येत नाही." हे अर्धंच खरं आहे. शनिवारवाडा हे केंद्र सरकारच्या संरक्षणातलं स्मारक. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, असं ठरलं. पण त्याच दुरुस्तीत ‘बांधकाम’ या शब्दाची व्याख्या करताना काही कामं वगळली आहेत: सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या, गटारं, लोकांसाठी पाणीपुरवठा, वीजपुरवठा. म्हणजे ज्या गोष्टी पाहुण्याला हव्यात, त्यांच्यासाठी कायद्यानंच दार किलकिलं ठेवलंय. खणताना जमिनीखाली काय निघेल, वाड्याच्या तोंडासमोर काय शोभेल, याबद्दल खात्याशी बोलावं लागेलच. पण ‘बांधताच येत नाही’ हे वाक्य बऱ्याचदा ‘सांभाळायला कुणी नाही’ या वाक्याऐवजी वापरलं जातं.

या कायद्याचा खरा जाच होतो तो वाड्याभोवती राहणाऱ्यांना. १०० मीटरच्या आत ज्यांची जुनी घरं आहेत त्यांना नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीसाठीही परवानगी काढावी लागते. एक स्मारक जपायचं म्हणून भोवतालची घरं मोडकळीला आली तर त्या स्मारकाला संदर्भ उरतो कशाचा? यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण पर्यटनाचं मूल्यमापन करताना ही घरं यादीतच नसतात, हे खटकतं.

जिना किती माणसं पेलतो

‘वहनक्षमता’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. एखादी जागा एका वेळी किती माणसं पेलेल, असा त्याचा अर्थ. शब्द अवजड आहे, हिशोब घरगुती आहे.

समजा एका जुन्या वाड्यात वरचा दिवाणखाना बघायला जायचंय. जिना भिंतीत काढलेला, उभा, एकाच माणसापुरता. वर जायला २० सेकंद लागतात आणि प्रत्येकजण पुढच्यानंतर ५ सेकंदांनी पाऊल टाकतो. ३० जणांचा गट वर पोचायला पावणेतीन मिनिटं, उतरायला तेवढीच. चढणारे नि उतरणारे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून एका गटामागे साडेपाच मिनिटं जिना अडला. तासाला दहा गट, तीनशे माणसं, असं कागद म्हणतो. आता गटात आत्यासारख्या चौघी घाला. मागचा माणूस घाईनं पुढे येत नाही, अंतर ५ ऐवजी १५ सेकंदांचं होतं, चढायला ३० सेकंद. चढण्यालाच पावणेआठ मिनिटं गेली. तासाला तीनच गट पुरे होतात, ९० माणसं. शिवाय वरच्या दिवाणखान्याची लाकडी जमीन सागाच्या तुळयांवर आहे आणि इंजिनियरनं सांगितलंय, एका वेळी २५ च्या वर माणसं नकोत. मग आकडा आणखी खाली येतो.

म्हणजे वाड्याच्या चौकात पाचशे माणसं मावत असली तरी वाड्याची क्षमता ठरवतो तो जिना. आणि अख्ख्या पेठेची क्षमता ठरवते ती बहुधा स्वच्छतागृहांची संख्या किंवा एखादा अडलेला चौक. ज्या गोष्टीमुळे सगळं अडतं ती शोधणं, हे या हिशोबाचं खरं काम. ‘रोज इतकी माणसं’ असा आकडा दगडावर कोरून ठेवायचा नसतो. जिन्याला दुसरी वाट मिळाली की तो बदलतो.

ज्यांना विचारलं ते, आणि जे आलेच नाहीत ते

पाहुण्यांना काय वाटतं हे जाणून घ्यायची एक चांगली पद्धत १९७७ साली बाजारपेठेच्या अभ्यासातून आली. प्रत्येक सोयीबद्दल दोनच प्रश्न विचारायचे: तुमच्यासाठी हे किती महत्त्वाचं? आणि इथे ते कसं मिळालं? उत्तरं चार घरांत मांडायची. महत्त्वाचं आहे आणि चांगलं मिळालं, ते टिकवा. महत्त्वाचं आहे पण वाईट मिळालं, तिथे आधी पैसा घाला. फारसं महत्त्वाचं नाही आणि वाईटच आहे, ते तूर्त असू दे. चौथं घर मात्र मजेशीर. महत्त्व कमी, पण सोय झकास! तिथे आपण उगाच पैसा ओतलेला असतो. शोभेचे दिवे कुठल्या घरात जातात ते आपापल्या शहरात तपासून बघा.

पद्धत चांगली, पण तिच्यात एक भोक आहे. प्रश्नावली भरून घेतली जाते ती वाड्याच्या दारात, म्हणजे जे आले त्यांच्याकडून. जे येऊच शकले नाहीत, जे अर्ध्या वाटेवरून परतले, जे "नको बाई, तिथं फार चालावं लागतं" म्हणून घरीच बसले, ते मोजणीत नसतात. धडधाकट पंचविशीतली मुलं ‘बाक फारसे महत्त्वाचे नाहीत’ म्हणून सांगतात आणि तक्त्यात बाक तळाला जातात. म्हणून माझा आग्रह असा की प्रश्नावलीसोबत एक चालणंही हवं. एक म्हातारं माणूस, एक बाळाची गाडी ढकलणारी आई आणि जमल्यास एक व्हीलचेअरवरचा माणूस बरोबर घ्यायचा, आणि तीच वाट सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सातला चालायची. तिन्ही वेळी ती वाट वेगळी असते.

मोजणीबद्दल आणखी एक. ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन होतो, २०२१ पासून. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करतात आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, चित्रं काढतात, बसतात. छान वाटतं. पण एका दिवसाची जत्रा बघून ‘रस्ता कायमचा बंद करा’ असं म्हणणं जेवढं कच्चं, तेवढंच ‘धंदा बुडाला’ म्हणणंही. हिशोब लागायचा तर त्याच वाराला, आधी आणि नंतर, त्याच दुकानांत शिरणारी माणसं मोजावी लागतात, आणि शेजारच्या चालू रस्त्यावरचीही. नुसती गर्दी मोजून उपयोग नाही, कारण जत्रेला गर्दी होतेच.

आपला आजार कुठला?

जगभर सध्या चर्चा आहे ती अति पर्यटनाची. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५०च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारही उरली नाहीत. २०२४ पासून ठरावीक दिवशी तिथे एका दिवसापुरतं येणाऱ्याला प्रवेशशुल्क आहे, सुरुवात पाच युरोंपासून. आपल्याकडे याची सौम्य छटा पणजीच्या फोंतेन्यशमध्ये दिसते. रंगीत घरांपुढे फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड की राहणाऱ्यांनी दारांवर ‘इथे फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्यात. कुणाच्या घराची पायरी आपल्या लग्नाआधीच्या फोटोंची पार्श्वभूमी झाली तर तो पाटी लावणारच.

पुण्याच्या पेठांचं दुखणं मात्र हे नाही. पेठांतले वाडे पाहुण्यांनी रिकामे केलेले नाहीत. ते रिकामे झाले भाडेनियंत्रणामुळे, दहा वारसांच्या सह्यांमुळे, गळक्या कौलांमुळे, आणि नंतर बिल्डरमुळे. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि भाडेकरूला बाहेर घर परवडत नाही. पाहुणे येतात ते शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ असं घाईघाईत उरकून जातात. जवळच कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याला मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, पडत असतो, तो आवाज त्यांच्या कानावर पडत नाही. म्हणजे व्हेनिसला गर्दी कमी करायचीय, आणि आपल्याला पसरवायचीय, थांबवायचीय. तिकडचं औषध इकडे चालणार नाही.

थांबवायचं कसं, याचं एक स्वस्त उदाहरण शेजारी आहे. अहमदाबादच्या महानगरपालिकेनं १९९७च्या नोव्हेंबरात एक वारसा फेरी सुरू केली. सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं, पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, फिरत जामा मशिदीशी संपवायचं. वीस वर्षांनी, २०१७च्या जुलैत, ते भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर झालं. एका फेरीनं शहर वारसा झालं असं कुणी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे पोळांतल्या लोकांना आपल्या घराच्या कोरीव खांबाकडे कुणीतरी बघायला येतंय हे दिसलं. शिवाय अशा घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामहक्क, म्हणजे टीडीआर, विकून दुरुस्तीला पैसे उभे करता येतील अशी तजवीज तिथे केली गेली. वारसा वास्तूंसाठी टीडीआरची कल्पना आपल्याकडेही आहे. मुंबईनं तर १९९५ सालीच देशात पहिल्यांदा वारसा नियमावली आणली होती. पण दहा वारस आणि पाच भाडेकरू एका टेबलावर आल्याशिवाय त्या हक्काचा कागद हलत नाही, आणि त्यांना एकत्र बसवणारं कुणी असणं हीसुद्धा एक पायाभूत सुविधाच आहे. सिमेंट लागत नाही म्हणून ती मोजली जात नाही, इतकंच.

दहा दिवसांची चाचणी

पेठा किती पेलू शकतात हे बघायला परदेशी सल्लागार नको. गणेशोत्सव आहे. मानाचे पाचही गणपती याच परिसरात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. त्या दिवसांत संध्याकाळी मधले रस्ते वाहनांना बंद होतात, फिरती स्वच्छतागृहं येतात, वैद्यकीय मदतीची टेबलं लागतात, मंडळाची पोरं दोर धरून गर्दीला एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढतात, पोलीस चौकाचौकात उंचावर उभे राहतात. जे वर्षभर ‘शक्यच नाही’ असतं ते दहा दिवस होतं. आवाज, कचरा आणि राहणाऱ्यांचे हाल हेही होतात, ते लपवू नये. पण कुठल्या बोळात गर्दी तुंबते, कुठलं वळण धोक्याचं, हे मंडळाच्या कार्यकर्त्याला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. हे ज्ञान विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडवाच्या बांबूंबरोबर निघून जातं. ते लिहून घ्यायला एक वही पुरेल.

आगीचंही तसंच. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला, आज दिसतात ते दरवाजे, तट आणि जोती. १८७९ला बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग. लाकडी वाड्यांच्या वस्तीत अग्निशामक बंब बोळात शिरतो का, ही खरं तर पर्यटनाची पहिली सुविधा. ती फोटोत येत नाही. लोंबकळणाऱ्या केबल, जुनं वायरिंग, एकच जिना असलेला आणि वर कॅफे काढलेला वाडा, हे बघितलं की माझा हात टेपवरून सुटतो.

काय आधी करावं

माझ्या मते आधी जे आहे ते चालू करावं: कुलपं काढणं, पेट्या हलवणं, पदपथाचे उंचवटे सारखे करणं. मग दर दोन-तीनशे पावलांवर टेकायला जागा. दुकानाच्या ओट्याएवढी उंची, पाठ असली तर उत्तम, वर सावली. मग फलक. फलकावर अंतर मीटरांत न लिहिता मिनिटांत लिहावं, तेही आत्याच्या चालीनं. २९ सप्टेंबर २०२४ला स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ, मंडई अशी स्थानकं थेट जुन्या पुण्याच्या पोटात उघडली. एवढी मोठी सोय झाल्यावर स्थानकाच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ‘तुळशीबाग कुठल्या बाजूला?’ हे फुलवाल्याला विचारावं लागू नये. तसं फुलवाला सांगतो चांगलं. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानं त्याला जागेचा हक्क दिलाय आणि पेठेतला सर्वांत भरवशाचा चौकशी कक्ष तोच आहे. त्याला हटवून तिथे चौकशी कक्ष बांधणं याला मी सुधारणा म्हणणार नाही.

वाहनतळाबद्दल एवढंच. मंडईजवळ जुन्या टॉकीजांच्या जागी झालेले मिनर्व्हा आणि आर्यन हे वाहनतळ आहेत. पेठेच्या आत आणखी वाहनतळ काढले तर तितक्या गाड्या आणखी आत येतील. पाहुण्याची गाडी बाहेर आणि पाहुणा आत, असं जुळवावं लागेल.

आत्याबद्दल सांगायचं राहिलं. अप्पा बळवंत चौकाच्या पुढे तिचे पाय अगदीच भरून आले तेव्हा भांड्यांच्या एका दुकानातले काका गल्ल्यावरून उठले, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा मावशी, घाई कसली." पाणीही दिलं. आत्यानं त्यांच्याशी सोलापूरच्या चादरींपासून गुडघ्याच्या डॉक्टरपर्यंत गप्पा मारल्या आणि निघताना एक तांब्या विकत घेतला. विश्रामबागवाड्याचा कोरीव सज्जा तिला आवडला, पण सोलापुरात गेल्यावर फोनवर ती सगळ्यांना सांगत होती ती त्या खुर्चीबद्दल.

माझ्या यादीत ‘बसण्याची सोय’ असा एक रकाना आहे. त्या दिवसाच्या कागदावर मी लिहिलं: एक खुर्ची, भांड्यांच्या दुकानात, काका असतील तर.